पाय कबूल होईपर्यंत

१ जानेवारी १९८८, शुक्रवार

साहेबांना नव्या वर्षाच्या सात डायऱ्या आल्या. सहा त्यांनी घरी नेल्या. सातवीवर चहा सांडला, म्हणून ती "मारोतराव, आप रख लीजिए" असं मोठ्या मनाने म्हणत माझ्या टेबलावर आली. हिंदी मुलखातल्या या प्लांटच्या टाइम ऑफिसात बसून चोवीस वर्षं लोकांची हजेरी लिहिली, आता स्वतःची लिहावी म्हटलं. फेब्रुवारीची पानं चहाने चिकटली आहेत. फेब्रुवारीत काही घडलं नाही तर बरं.

आजची मुख्य बातमी म्हणजे सेक्टर २ मधल्या आमच्या क्वार्टरमध्ये पाणी तापवायचा विजेचा रॉड आला. तो मी आणला, आणि भांडण मिटवायला आणला. दिवाळीपासून माझ्या पायांना मुंग्या येतात. ड्यूटीवरून आल्यावर बादलीभर गरम पाण्यात पाय सोडून पेपर वाचणं एवढंच एक सुख मला राहिलं आहे, आणि तेही माझी बायको रत्नमाला नीट लागू देत नाही. ती सिगडीवरचं पाणी आणून ओतते, म्हणते उकळतं आहे. मी पाय घालतो तर थंड. मी म्हणतो कोळसा वाचवतेस, ती म्हणते तुमचं डोकं फिरलं. निवाडा करणारं घरात कोणी नाही. मुलगी विजया बीएस्सीला आहे, पण निवाड्याच्या वेळी ती नेमकी अभ्यासाला बसते.

आता बटण माझ्या हातात आहे. मी ठरवीन पाणी किती गरम.

३ जानेवारी, रविवार

ऐतिहासिक दिवस. बादलीवर आडवी काठी ठेवून रॉड टांगला. वीस मिनिटांत वाफा निघू लागल्या.

"बस करा आता, लय गरम झालं," रत्नमाला म्हणाली.

बटण बंद करून पाय घातले. नडगीला चटका बसला आणि तळवे गारच. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "एकाच बादलीत दोन पानी कशे राहतीन? तुमचं आपलं कायतरीच." मी म्हणालो, घाल हात. तिने बोटं बुडवली, हाय केलं. म्हटलं वर नाही, खाली, बुडाशी. पदर खोचून तिने बाजूने कोपरापर्यंत हात घातला आणि हळूच बाहेर काढला. बुडाचं पाणी खरंच थंडगार होतं.

लग्नानंतर पहिल्यांदा ती माझ्यासमोर हरली. मी पेपर उलटा धरून वाचत होतो हे विजयाने दाखवलं तेव्हा कळलं.

५ जानेवारी, मंगळवार

आज ऑफिसात एकच चप्पल घालून पोचलो. टेबलाखाली पाय लांब केले तेव्हा समोरच्या बाबूने विचारलं, "दादा, दूसरा कहाँ?" अर्ध्या तासाने बाबुलाल चपराशी सायकलच्या हँडलला माझी चप्पल लटकवून आला. गेटच्या बाहेर पडली होती म्हणे, म्हणजे तिथून आतपर्यंत मी एका पायाने अनवाणी चाललो आणि मला पत्ता नाही. साहेबांच्या तालमीत राहून माणूस कशाचीच दखल न घ्यायला शिकतो.

दोष चांभाराचा. अंगठा सैल शिवून दिला. त्याला चांगलं सुनावलं. तो म्हणाला अंगठा घट्ट आहे. सगळेच मला शिकवतात.

६ जानेवारी, बुधवार

बाजारातल्या बंगाली डॉक्टरकडे गेलो. प्लांटच्या दवाखान्यात रांग लागते, आणि रांगेत आपल्याच ऑफिसची माणसं भेटून काय झालं म्हणून विचारतात. हा डॉक्टर खाजगी, म्हातारा, त्याची हिंदी माझ्याहून वाईट. मी स्वच्छ सांगितलं, "डॉक्टर साहब, पाँव में चींटियाँ आती हैं."

"चींटी? काटता है?"

"काटती नहीं. बस आती हैं. बैठे बैठे."

त्याने पाय बघितलाच नाही. म्हणाला खटियाच्या चारी पायांखाली पाण्याची वाटी ठेवा, भिंतीच्या कडेने पावडर टाका, मीठा बिस्तर पे मत खाओ. मला जरा विचित्र वाटलं, पण नंतर उलगडलं. शरीरातली वीज खटियातून पाण्यात उतरत असणार, अर्थिंगसारखी. पावडरचं काम कळलं नाही, पण डॉक्टरला सगळं विचारलं तर त्याचा मान राहत नाही.

खटियाखाली चार स्टीलच्या वाट्या ठेवल्या. "कावून ठेवल्या?" रत्नमालेने विचारलं. म्हटलं अर्थिंग. ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ हसली. ती माझ्यावर हसत नसावी.

८ जानेवारी, शुक्रवार

वाट्यांनी काडीचा फरक नाही. पावडर अर्धी उरली होती ती संडासात टाकली, कारण तिथे खऱ्या मुंग्यांची रांग लागते आहे. रत्नमाला तिकडे चहाचा गाळ टाकत असणार. ती म्हणते टाकत नाही. मग बाजूच्या क्वार्टरवाल्यांकडून येत असतील.

चांगली बातमी ही की पँट सैल झाली. बेल्टला खिळ्याने नवीन भोक पाडलं. पन्नाशीला आलेल्या किती माणसांचं पोट आपोआप उतरतं? तहान मात्र फार लागते. रॉडच्या वाफेने हवा कोरडी होत असेल.

९ जानेवारी, शनिवार

तेजराम संध्याकाळी आला. तो भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातला, आता प्लांटच्या लॅबमध्ये अटेंडंट. नववीपर्यंत शिकला, पण लॅबमधल्या इंजिनिअरांना बाटली कुठे आहे हे तोच सांगतो. त्याला मी बादलीची गोष्ट रंगवून सांगितली, विशेषतः रत्नमालेचा पराभव. त्याला आश्चर्यच वाटलं नाही.

"असंच होते मारोतभाऊ. रॉड लटकला वर. गरम पानी हलकं, थे वरच राहते. खालचं तसंच थंडं. बटन बंद करा, रॉड काढा, अन् मंग ढवळा. आमी लॅबमध्ये ढवळल्याबिगर टेंपरेचर लिवलं त साहेब मारते."

"ढवळल्यावर थंड नाही का होणार? चहा ढवळला की थंड होतो," मी माझं ज्ञान दाखवलं.

"जरासंक होते. पन ढवळनं म्हंजे थंडं करनं नोहे. सारखं करनं होय. वरचं उतरते, खालचं चढते, अन् साऱ्याइचं एक होते."

हे वाक्य युनियनच्या भाषणात शोभलं असतं. त्याने लॅबचा एक लांब थर्मामीटर दोन दिवसांसाठी द्यायचं कबूल केलं. म्हणजे मोडीत निघालेला, कोणी विचारणार नाही असा. उद्या मोजतो आणि हे प्रकरण कायमचं मिटवतो.

१० जानेवारी, रविवार

महाप्रयोग. प्रयोगशाळा: आमची मोरी. साक्षीदार: रत्नमाला, विजया, तेजराम. चौथा साक्षीदार शेजारचा कोंबडा होता, पण त्याला हाकललं.

रॉड वीस मिनिटं. बटण बंद, रॉड बाहेर. वरचं पाणी छासष्ट. बुडाशी थर्मामीटर धरला तर चोवीस. मी आकडे मोठ्याने वाचले. मग ढवळायचं कशाने हा प्रश्न आला. मी ताकाची रवी मागितली. रत्नमालेने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी कपडे धुवायची मोगरी घेतली. पन्नास वेळा फिरवलं. वर सत्तेचाळीस, मधे सत्तेचाळीस, बुडाशी सत्तेचाळीस. तेजराम मला गुरू केल्यासारखं बघत होता, निदान मला तसं वाटलं.

मग पाय घातले आणि सगळा घोळ झाला. तळव्यांना पाणी थंडच. थंड म्हणजे काहीच नाही, पाणी आहे का नाही तेही कळत नव्हतं. तेजरामला म्हटलं तुझा थर्मामीटर मोडीतलाच आहे. त्याने तो स्वतःच्या काखेत धरून दाखवला, बरोबर सदतीस. रत्नमालेने पाय बुडवला आणि लगेच काढला. "मारता का जीवे? हे थंडं म्हनून राहिले तुमी?" म्हटलं तुझे पाय घरात बसून नाजूक झाले.

विजया बादलीशी येऊन बसली. ती म्हणाली, "बाबा, हात डालो ना." हात घातला. हाताला चांगलंच गरम लागलं. "अब पैर." पाय घातला. काही नाही. "पानी तो एकच आहे ना बाबा, आत्ता तर ढवळलं," ती म्हणाली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तेजरामही बघत राहिला. सगळे बघत राहिले की मला राग येतो. मी म्हटलं, चोवीस वर्षं प्लांटच्या रस्त्यावर चालून तळवे जाड झाले, त्यात काय एवढं, आणि तेजरामला चहा दे.

चहा पिताना तेजराम जरा गंभीर वाटला. मला म्हणाला, "मोठ्या दवाखान्यात दाखवाल का भाऊ एकडाव?" म्हटलं दाखवलं, अर्थिंग चालू आहे.

११ जानेवारी, सोमवार

तळवे जाड असतील तर पाणी त्या हिशेबाने हवं. रोज दोन डिग्री वाढवायची, नीट ढवळून, पाय कबूल होईपर्यंत. आज एकोणपन्नास. कबूल नाही.

१२ जानेवारी, मंगळवार

एक्कावन्न. रत्नमाला मोरीच्या दारात उभी होती. काही बोलली नाही. न बोलणं हे तिचं नवीन हत्यार आहे. पाय कबूल नाही.

१५ जानेवारी, शुक्रवार

संक्रांत. ऑफिसात, मराठी मंडळात, चार घरी तिळगूळ. मोजले नाहीत, विजया म्हणते मी अकरा खाल्ले. घरी येऊन तांब्याभर पाणी प्यालो, मग आणखी एक. संडासात मुंग्यांनी आज मोर्चाच काढला. रत्नमाला म्हणाली, "मी नाई टाकत तिथं काई. तुमी जाऊन आले का येते त्या." मी म्हटलं मुंग्यांना माझी ओळख आहे का.

मधले दोन दिवस संध्याकाळी वीज नव्हती, म्हणून आज त्रेपन्न. थोडीशी ऊब जाणवली, अगदी थोडी. अर्धा तास बसलो, पूर्ण पेपर वाचला, क्रिकेटसुद्धा. पायाने शेवटी कबूल केलं. रॉड, थर्मामीटर आणि मोगरी यांच्या बळावर माणूस स्वतःच्या घरात सुखी होऊ शकतो हे सिद्ध झालं.

१६ जानेवारी, शनिवार

सकाळी मी मोजा घालत होतो तेव्हा रत्नमाला ओरडली. दोन्ही पाय लाल, आणि उजव्या पायाच्या करंगळीजवळ लिंबाएवढा फोड. डाव्यावर दोन लहान. मी म्हटलं बूट चावला. ती म्हणाली, "बूट दोन्ही पायाले, वरून-खालून, एकाच दिवशी चावला?" मग खाली बसून तिने फोडाच्या कडेला बोट लावलं. "दुखून राहिलं?" नाही म्हटलं. तिने जरा दाबलं. "आता?" नाही. आणखी दाबलं. मी नाही म्हणालो. तिचं नख आत रुतलेलं मला दिसत होतं आणि लागत मात्र नव्हतं.

ऑफिसला गेलो. हजेरी लिहिली. इथे खरं लिहितो, मला भीती वाटते आहे.

१८ जानेवारी, सोमवार

फोड फुटला, वास येतो. रत्नमालेने रिक्षा बोलावली आणि स्वतः सोबत आली. बंगाली डॉक्टरने या वेळी पाय बघितला. बघितला म्हणजे चष्मा पुसून पुन्हा बघितला.

"ये जला है. दुखता नहीं?"

"नहीं."

"चींटी अभी भी आता है?"

मला वाटलं त्याला त्याच्या उपचाराचा हिशेब हवा. म्हटलं, "पाँव में तो आती ही हैं. संडास में और ज्यादा आती हैं. आपका पावडर वहाँ भी डाला."

त्याचं पेन थांबलं. "संडास में? किसका जाने का बाद?"

मी रत्नमालेकडे बघितलं. ती म्हणाली, "इनके जाने के बाद. मैं बोलती हूँ तो मानते नहीं."

मग डॉक्टरने मला विचारलं, पायात मुंग्या म्हणजे नेमकं काय होतं. मी टाचणी टोचल्यासारखं, झोपलेल्या हातासारखं, असं करून दाखवलं. तो खुर्चीत मागे टेकला आणि बंगालीत काहीतरी पुटपुटला. "हाय राम, झुनझुनी. झुनझुनी बोलो ना! हम समझा असली चींटी." म्हणजे बारा दिवस मी पाण्याच्या चार वाट्यांवर झोपलो ते या माणसाला आपली मराठी हिंदीत घालून सांगितली म्हणून. अर्थिंगचं मी कोणालाच सांगणार नाही.

त्याने बाटलीत लघवी मागितली. परीक्षानळीत निळं औषध होतं, त्यात आठ थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर हलवत हलवत तापवली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, मग नारिंगी, आणि शेवटी नव्या विटेसारखा रंग. मी बघत होतो, छान दिसत होतं. तो म्हणाला, "चार प्लस. शक्कर. बहुत दिन का." पायाच्या नसा साखरेने मेल्या आहेत, म्हणून गरम कळत नाही, चप्पल पडलेली कळत नाही. चपलेचं त्याला रत्नमालेने सांगितलं. आजच्या आज मोठ्या दवाखान्यात जायचं, पाय वाचवायचा असेल तर.

रिक्षात ती माझ्या बाजूला बसून एकच म्हणाली, "पानी गरमच होतं जी." मी म्हणालो हो. मला आणखी काही म्हणायचं होतं, पण रिक्षा फार हलत होती.

७ फेब्रुवारी, रविवार

दवाखान्यातून लिहितो. फेब्रुवारीची पानं चाकूने सोडवून दिली विजयाने. तीन आठवडे काही लिहिलं नाही. सुई सकाळ-संध्याकाळ. जेवण असं की कैद्यानेही तक्रार करावी.

उजव्या पायाची करंगळी काळी पडली होती. मंगळवारी काढली. डॉक्टर सांगतात, जखम तिथून वर पसरली नाही तर पाय राहील. पसरली तर घोट्यापर्यंत कापायचा, आणि तरी थांबली नाही तर गुडघ्याखाली. हे सगळं त्यांनी मला रेल्वेची स्टेशनं सांगावी तसं सांगितलं. मी मान हलवली. ते गेल्यावर उशीत तोंड घालून रडलो. शेजारच्या खाटेवरचा पेशंट भला माणूस, त्याने भिंतीकडे तोंड केलं.

तेजराम घरून थर्मामीटर परत नेताना इथे आला आणि तो हातात घेऊन बसून राहिला. "मीच आनून देल्ला," म्हणाला. म्हटलं, अरे, तू ढवळायला शिकवलंस म्हणून तर कळलं की खोट पाण्यात नव्हती. न ढवळता मी आणखी दहा वर्षं बुडाच्या थंड पाण्याला शिव्या देत बसलो असतो. त्याला पटलं नाही. मला पटलं की नाही माहीत नाही, पण बोललो.

१३ फेब्रुवारी, शनिवार

आज पट्टी सोडली. सगळे डॉक्टर वाकून बघत होते, मी छताकडे बघत होतो. रत्नमाला पायथ्याशी उभी होती, तिच्या तोंडावरून मला कळलं. जखम लाल आहे, कोरडी आहे, पसरलेली नाही. पाय राहिला.

नऊ बोटं. हजेरीपटावर एक कायमचा गैरहजर.

२८ फेब्रुवारी, रविवार

घरी येऊन आठवडा झाला. मोठ्या डॉक्टरांचा हुकूम असा: पाय शेकायचे नाहीत. फक्त कोमट पाण्याने धुवायचे, बोटांच्या बेचक्या पुसायच्या, आणि पाणी दुसऱ्याने बघायचं. "आप नहीं देखेंगे," असं बोट दाखवून सांगितलं. रॉड विजयाने वरच्या फळीवर टाकला.

संध्याकाळी रत्नमालेने बादली आणली. सिगडीवरचं पाणी ओतलं, थंड ओतलं, आणि हाताने बुडापासून वरपर्यंत ढवळलं. बराच वेळ ढवळलं. मग कोपर बुडवून थांबली. तिचे हात लाल, खरबरीत झाले आहेत. दिवाळीपासून रोज ती असाच हात घालून बघत असणार, मी कधी विचारलं नाही.

"घाला पाय," ती म्हणाली.

मी घातले. काही कळलं नाही. पाणी आहे हे दिसलं म्हणून कळलं. मी तिच्याकडे बघून विचारलं,

"कसं लागून राहिलं मले?"

तिने पुन्हा हात बुडवला, माझ्या तळव्याखालून फिरवला. "कोमट हाय," म्हणाली. "बरं वाटून राहिलं तुमाले."

मग मला बरं वाटलं.